दीड वाजताचं कनेक्शन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून डायरी मराठीत. आकडेसुद्धा मराठी. अडतीस वर्षं शाळेत इंग्लिश शिकवलं. आता निवृत्त आहे, मला कोणी विचारणार नाही.

आदिलाबादचं ट्रेनिंग काल संपलं. विषय असा: खेड्यात बस येते, पेशंटची व्हॅन येते, शेअर ऑटो येतो, अंगणवाडीची जीप येते. गाड्या आहेत, पण एकीला दुसरीचा पत्ता नाही. हा मेळ कोणीतरी घालायचा. आमच्या जामधरीसाठी ते कोणीतरी म्हणजे मी. फोल्डर मिळाला, पेन मिळालं, गळ्यात घालायची निळी पट्टी आणि तिला आयकार्ड. ‘गाव प्रवास समन्वयक’. फोटोत मी बरी दिसते.

नागोरावांना सांगितलं, गाड्या एकमेकींशी बोलत नाहीत, हाच खरा प्रॉब्लेम आहे. ते पेपरातून वर न बघता म्हणाले, आपल्या घरात तरी कुठे कोण बोलतं. तहसील ऑफिसात जन्म काढलेल्या नवऱ्याकडून ह्याहून जास्त अपेक्षा नाही.

संकल्प: रोज पाचला उठणे. आठ दिवसांत गावाचा सर्व्हे. आणि सर्वांत आधी मालन.

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ३.००

सर्व्हे सुरू. चार घरं झाली. कापूस वेचणीचे दिवस, घरी कोण सापडतं. उरलेली उद्या.

मालनबाईकडे सकाळीच गेले. विहाराच्या मागचं घर, माझ्याच वयाची. आठ वर्षांच्या होईपर्यंत आम्ही एका ताटात जेवलो. मग मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात गेले, ती कापसात गेली. आता दोन्ही किडन्या गेल्या आहेत तिच्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार आदिलाबादला डायलिसिस, दुपारी अडीचची पाळी. मुलगा निजामाबादला कामाला, त्याला सुटी मिळत नाही.

विचारलं, जातेस कशी? म्हणाली, खुशाल नेते. खुशाल म्हणजे तिचा पुतण्या, दोन लेकरांचा बाप, ऑटो चालवतो. किती वाजता निघता? म्हणाली, मी बसली का निंगते. ऑटो इचोड्याच्या फाट्यापर्यंतच, तिथून पुढे? म्हणाली, थो रोडवर उभा राह्यते, बसले हात करते, मले चढवून देते, कंडक्टरले सांगते का काकूले दवाखान्यापाशी उतरवजा. आणि येताना? म्हणाली, येताना बी तसंच, उलटं.

म्हणजे कसलीच सिस्टिम नाही! टाइमटेबल नाही, बॅकअप नाही, रेकॉर्ड नाही. आठ महिने हे असं चाललंय आणि एकही पाळी चुकलेली नाही, हा निव्वळ योगायोग.

म्हटलं, मालन, आता मी बघते. ती म्हणाली, काऊन वो शुभा, चांगलं चालून राह्यलं ना. बिचारी. चांगलं म्हणजे काय हे तिला कोणी दाखवलंच नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ११.३०

उठायला सात. थंडी पडली आहे.

आज मोठं काम झालं. एका संस्थेची व्हॅन नेरडीगोंड्याहून डायलिसिसचे पेशंट आदिलाबादला नेते. दोन फेऱ्या: सकाळच्या पाळीची एक, दुपारच्या पाळीची एक. इचोड्यावरूनच जाते आणि जागा रिकाम्या! फोन केला. अर्पिता मॅडम म्हणून आहेत. माझं इंग्लिश ऐकून विचारलं, कुठल्या कॉन्व्हेंटच्या तुम्ही? सांगितलं. म्हणाल्या, वेळ लिहून पाठवा, आमचा ड्रायव्हर मल्लेश त्याप्रमाणे थांबेल.

आमची बस जामधरीहून १२.४०. इचोडा १.१०. व्हॅन इचोड्याला १.३०. वीस मिनिटांचं कनेक्शन! आठ महिन्यांत हे कोणाला सुचलं नाही ह्याचं नवल वाटतं.

खुशालला सांगितलं, मंगळवारपासून तू मोकळा. तो म्हणाला, टीचरबाई, पक्कं ना? मंग मी वेचणीवाल्या बायायले हो म्हणतो. इंद्रवेल्लीच्या रोडच्या वावरात नेणं-आणणं हाये, दिवसभर गाडी मांगून राह्यल्या. म्हटलं, बिनधास्त हो म्हण. तो डोकं खाजवत उभाच राहिला. म्हणाला, काकूले चढताना हात द्या लागते, तेवढं त्या व्हॅनवाल्याले सांगजा. त्याचीही नोंद घेतली. फोल्डरमध्ये.

८ नोव्हेंबर, शनिवार. सायंकाळी ५.००

टाइमटेबल तयार. कार्डपेपर, शिसपेन्सिलीने आखणी, वर काळं पेन. हँडरायटिंगचं बक्षीस मला लागोपाठ तीन वर्षं होतं. आकडे मराठीत, मुद्दाम. बोर्डिंगात गणिताच्या वहीत ७ काढला म्हणून सिस्टरने हातावर फूटपट्टी मारली होती. इथे बसवरची पाटी तेलुगूत, दवाखान्याचा कागद इंग्लिशमध्ये. एक तरी कागद आपल्या माणसांना आपला वाटावा.

खुशाल बघून म्हणाला, अक्षर मोत्यावानी हाये, पण आकडे इंग्लिशमधी काऊन नाई लिवले? मी त्याला भाषेच्या अस्मितेबद्दल थोडं सांगितलं. तो ऑटो चालूच ठेवून ऐकत होता.

फोटो काढून अर्पिता मॅडमना पाठवला. त्यांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. मल्लेशलाही पाठवला म्हणाल्या.

सिस्टरवरून आठवलं. बोर्डिंगच्या पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टरने विचारलं होतं, तुझ्या गावात तुझ्याएवढी आणखी कोणी मुलगी आहे का, एक जागा रिकामी आहे. मी नाही म्हटलं. आठ वर्षांचं पोर, इंग्लिशचा गंध नव्हता. प्रश्नच कळला नसणार. असो.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १२.००

विहाराच्या भिंतीवर एक लावलं, रेशन दुकानावर एक, बसथांब्याच्या कडुनिंबाला एक. वंदनेला आलेल्या सगळ्यांनी बघितलं. मालनने कागदावरून हात फिरवला. म्हणाली, लय साजरं दिसते. याच्यात मी कुटं हाये? मी तिचं बोट धरून १.३० वर ठेवलं. ती खूश झाली. मीही.

सर्व्हे पुढच्या आठवड्यात.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी १०.३०

पहिला दिवस. इचोड्यापर्यंत मी सोबत जाणार होते, पण निळी पट्टी सापडत नाही. आयकार्ड नसताना ड्रायव्हर मला कोण समजेल? शिवाय चांगली सिस्टिम एका माणसावर अवलंबून नसते, हे ट्रेनिंगमध्ये दोनदा सांगितलं होतं.

साडेनऊपासून कोणा अनोळखी नंबरचे चार फोन. घेतले नाहीत. मुलीने पुण्याहून बजावून ठेवलंय, हल्ली फार फसवतात.

दुपारी १२.५०

बस वेळेवर. मालन चढली, आधार कार्ड दाखवून बायकांचं फुकटचं झिरो तिकीट घेतलं, खिडकीतून हात केला. मला भरून आलं. तिला सांगून ठेवलंय, काहीही झालं तरी फाट्यावरची जागा सोडू नकोस.

सायंकाळी ५.१५

मालन परत आली. डायलिसिस झालं नाही.

व्हॅन थांबलीच नाही म्हणे. चारपर्यंत इचोड्याच्या फाट्यावर ट्रकांची धूळ खात उभी होती. शेवटी चहावाल्याने स्टूल दिलं. फोन का नाही केलास? तिचा फोन खुशालच्या ऑटोत चार्ज व्हायचा, आता ऑटो नाही. बरं, मग मागून येणाऱ्या बसने सरळ आदिलाबादला का नाही गेलीस? म्हणाली, तू म्हणली होती ना, जागा सोडू नको.

म्हटलं होतं मी. पण त्या अर्थाने नव्हे.

जाताना म्हणाली, असू दे वो, परवा जाऊ. नागोराव आतून सगळं ऐकत होते. पेपराचं पान तेवढं जोरात उलटलं. हे त्यांचं मुद्दाम असतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ४.००

सकाळी मालनकडे गेले. पाय सुजलेत. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. नागोराव म्हणाले, खुशालला बोलाव, आजच घेऊन जा, दवाखान्यात विनंती करू. म्हटलं, एका दिवसाच्या चुकीवरून सिस्टिम मोडायची नसते. चूक कोणाची ते आधी ठरलं पाहिजे.

चूक ड्रायव्हरची. संस्थेच्या ऑफिसला दोन पानी तक्रार ईमेल केली. इंग्लिश मस्त जमलं आहे. ‘इर्रिस्पॉन्सिबल’ दोनदा आलं होतं, एका जागी ‘कॅलस’ केलं.

मालनला पाणी अर्धा कपच घे असं सांगून आले. ती म्हणाली, बरं टीचरबाई. एरवी मला शुभा म्हणते.

दुपारी झोप लागली नाही. चहा जास्त झाला असणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ९.५०

पुन्हा तोच अनोळखी नंबर. कट केला.

पट्टी सापडली, वॉशिंग मशीनमध्ये, नागोरावांच्या शर्टाला गुंडाळलेली. आयकार्डवरचा फोटो धुऊन निघालाय, पण पद वाचता येतं. आज मी स्वतः जाणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ८.००. दवाखान्याचा बाक

काल.

बस वेळेवर. इचोडा १.१०. १.३५ ला व्हॅन आली. मी पट्टी उंच धरून हात हलवला. ड्रायव्हरनेही आतून हात हलवला. आणि गेला.

मालन तोवर खाली बसली होती. धाप. वाक्य पुरं होईना, नुसतं शु, शु. १०८ ला फोन करायचं मला सुचलं नाही. फोल्डरच्या पहिल्याच पानावर आहे तो नंबर, ठळक अक्षरांत. मी खुशालला फोन लावला. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तो म्हणाला, काकू कुटं हाये?

वेचणीच्या बाया वावरात तशाच ठेवून तो आला. हायवेवरून आदिलाबादपर्यंत ऑटो. सारखा आरशात तिच्याकडे बघत होता. दोनदा म्हणाला, काकू, डोये उघडे ठेव.

डॉक्टरांनी विचारलं, दोन पाळ्या कशा चुकवल्या? अजून उशीर झाला असता तर? पेशंटच्या तुम्ही कोण? मी आयकार्ड उलटं केलं. म्हटलं, शेजारी.

मशीनवर घेतलं. आता बरी आहे. झोपली आहे.

सकाळी ११.००

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

मल्लेश आला होता. पेशंटना घेऊन येतो, माझी निळी पट्टी ओळखून थांबला. साधा माणूस, शर्ट पँटमध्ये खोचलेला. मी तयारीत होते. तोच आधी बोलला. मॅडम, मैं दो दिन साडे नौ को आको ठैरा इचोडा में. आपकू फोन भी करा, आप उठाइच नै. पेशंट नै आया बोलके निकल गया. दुपहर को आपको रोड पे देखा तो हाथ हिलाया, समझा सलाम कर रई.

म्हटलं, साडेनऊ? मी दीड लिहिलं होतं. त्याने फोनवर माझ्या टाइमटेबलचा फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि समोर धरला. ये देखो ना मॅडम, कित्ता साफ लिखे आप. नाइन थर्टी.

मी चष्मा पुसून बघितलं. १.३०. मग तेलुगू शाळेत शिकलेल्या, मराठी आकडा जन्मात न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघितलं. गोल डोकं, खाली शेपूट. 9.30. ३ तर दोन्हीकडे सारखाच. बक्षीस मिळालेलं अक्षर, कुठे खाडाखोड नाही, व्हॅनच्या ओळीत शंका घ्यायला जागाच नाही.

मग तो म्हणाला, आज माझा शेवटचा दिवस, ऑफिसने उद्यापासून येऊ नको सांगितलंय. कोई बडी कंप्लेंट करा मेरे पे, इंग्लिश में. कौन है की मालूम नै.

मी म्हटलं, असतात असे लोक.

15 नोव्हेंबर, शनिवार. दुपारी 1.00

मालन घरी आली. डॉक्टरांनी सांगितलंय, पाळी मंगळवारपासून नेहमीसारखी. खुशालने वेचणीचं काम सोडलं. मी त्याला न्यायला सांगणारच होते, त्याआधीच त्याने ठरवून टाकलं होतं.

टाइमटेबलं काढायला गेले. विहाराच्या भिंतीवरचं आणि कडुनिंबाचं आधीच कोणी काढलं होतं. रेशन दुकानावरचं होतं. दुकानदार म्हणाला, राहू द्या टीचरबाई, खाली भिंतीला चीर हाये.

आजच तक्रार मागे घेण्याचं पत्र लिहायचं. आजच.

17 नोव्हेंबर, सोमवार. सायंकाळी 4.30

पत्राचा तिसरा ड्राफ्ट. चार पानं झाली. पार्श्वभूमी सांगावीच लागते: भाषेचा प्रश्न, सीमाभाग, आकड्यांचा इतिहास. त्याशिवाय समोरच्याला माझी बाजू कळणार कशी?

दुपारी नागोरावांनी अर्पिता मॅडमना फोन केला. मला न विचारता. म्हणाले, चूक आमच्या घरची आहे, तुमचा माणूस कामावर घ्या. एवढंच. मल्लेश उद्यापासून येतोय.

मला राग आला. माझं पत्र जवळजवळ झालं होतं. मग बसून वाचून काढलं. चार पानांत सॉरी हा शब्द कुठेच नव्हता.

18 नोव्हेंबर, मंगळवार. रात्री 9.00

आज मालनसोबत गेले. खुशालला विचारलं, मी येऊ का? तो म्हणाला, बसा ना टीचरबाई, जागा हाये. टाइम तेवढा लिहून देऊ नका.

मालन हसली. कित्येक दिवसांनी. ऑटोत माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, शुभा, थ्या डायवरले म्हणे तुह्या एकाचा नऊ दिसला! पाह्य बाप्पा. मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, खुशालनं. गावाले माईत हाये. मग म्हणाली, मले वाचता येत असतं तं मी तुले थ्याच दिशी सांगतलं असतं, का हे आकडे त्याले नाई समजनार. मी तं फकस्त तुह्या बोटाकडं पाह्यलं.

ती टोमणा मारत नव्हती. तेच तर.

सिस्टरने तो प्रश्न हिंदीत विचारला होता. मला हिंदी येत होतं. दारावर येणाऱ्या बांगडीवाल्याशी मी आणि मालन हिंदीतच भांडायचो. प्रश्न मला पूर्ण कळला होता. बोर्डिंगात पत्र्याचा पलंग एकटीला मिळत होता, वर मच्छरदाणी. मालन आली असती तर सिस्टर आम्हाला एकाच पलंगावर झोपवणार होती. म्हणून नाही म्हटलं.

हे मालनला सांगायला तोंड उघडलं. सांगितलं काय, तर पाणी कमी पीत जा. ती म्हणाली, हो वो, नर्सबाई बी हेच सांगते.

संकल्प: मंगळवार, गुरुवार, शनिवार, मालनसोबत मी जाणार. कायम. आणि सांगणार. गुरुवारीच.

20 नोव्हेंबर, गुरुवार. रात्री 9.15

गेले. खुशाल सव्वाबाराला दारात. मला तयार व्हायला बारा मिनिटं लागली. स्टीलची बाटली सापडेना, मग शाल. मालन ऑटोतून म्हणाली, असू दे, येते ते. खुशालने एकदाही हॉर्न वाजवला नाही, त्याचं जास्त लागलं. पाळीला अगदी टेकून पोचलो. नर्सबाई मालनला बोलल्या, मला नाही.

सोबतच्यांना आत सोडत नाहीत. चार तास बाहेर लोखंडी बाक. कंबर धरली. येताना मालन झोपली होती. झोपलेल्या माणसाला काय सांगणार.

शनिवारी नक्की.

22 नोव्हेंबर, शनिवार. दुपारी 3.00

आज गॅस सिलिंडर यायचा होता. घरी कोणीतरी हवं, आणि नागोरावांना सील तपासता येत नाही. म्हणून सकाळीच ठरवलं, आजच्या दिवस नाही जमणार. मालनला वाईट वाटू नये म्हणून वाक्य तयार केलं: मालन, आज जाऊन ये, सिलिंडरवाल्याचा नेम नाही बघ, मंगळवारी मी आहेच. दाराच्या आत उभी राहून दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा जास्त खरं वाटलं.

सव्वाबाराला ऑटोचा आवाज आला. मी पायरीवर आले. मालन आत बसली होती, तोंडाला पदर लावून खुशालच्या कशावर तरी हसत होती. मी हात वर केला. ऑटो आमच्या दारापाशी हळूसुद्धा झाला नाही. विहाराच्या वळणावरून गेला.

आत्ता नागोरावांनी खुशालला फोन केला. काकू टायमावर पोचली, मशीनवर हाये, म्हणाला.

मी विचारलं, माझं काही विचारलं का त्याने?

नागोराव म्हणाले, नाही.